शहाण्याचा विमा

“शहाण्या, सोड! सोड म्हणते ना… अरे, चष्मा आहे तो!”

प्राण्यांच्या दवाखान्यात ताटकळत बसलेली सगळी मंडळी वळून बघायला लागली. माणसंही आणि जनावरंही. मधोमध धाकटी गुडघे टेकून बसली होती, आणि तिच्यासमोर तिचा नवा कुत्रा अत्यंत गंभीर चेहऱ्यानं कुणाच्या तरी चष्म्याची काडी कडाकडा चावत होता. नवा म्हणजे तिला नवा. तसा वयानं तो चांगला जाणता होता. रंग फिक्या चहासारखा, कान लोंबते, आणि तोंडावर कायम कसल्यातरी गहन विचारात पडल्याचा भाव. म्हणून नाव शहाण्या. वागणं मात्र नावाला काळिमा फासणारं.

धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. ताईच्या पाठची, म्हणून धाकटी. पंचविशी उलटली, स्वतःच्या पगारावर वेगळी खोली घेऊन राहायला लागली, तरी नाव काही मोठं झालं नाही.

चष्म्याचा मालक समोरच्या बाकावर होता. मांडीवर वेताची टोपली, टोपलीत त्याच्या आईची म्हातारी मांजर. मांजरीनं आतून पंजा मारला, तो दचकून खाली वाकला, चष्मा घसरला… आणि शहाण्या तर टपलेलाच होता.

“मिळाला का?” हवेत कुठंतरी बघत त्यानं विचारलं.

“मिळाला,” धाकटी मेल्याहून मेल्यासारखी होत म्हणाली. “म्हणजे… बराचसा मिळाला.”

तो हसला. मोठ्यानं नाही, पण खांदे हलेपर्यंत. धाकटीचे कान तापले. ओरडला असता तर बरं झालं असतं. हसणाऱ्या माणसापुढे अपराध्यानं तोंड तरी कुठं लपवायचं?

“मी चष्म्याच्याच दुकानात काम करते,” ती घाईघाईनं म्हणाली. “इथंच, चौकात. आत्ता चला, नवा बसवून देते. माझ्याकडून.”

“असं होय! कुत्रा त्यासाठीच पाळलाय वाटतं. धंदा वाढवायला?”

बाकावरची मंडळी खुदखुदली. धाकटीही हसली, पण हसता हसता तिनं पट्टा हाताला दोनदा गुंडाळून घट्ट धरला. त्या घट्ट धरण्याचं कारण दवाखान्यात फक्त तिलाच माहीत होतं.

बाहेर बुरबुर पाऊस होता. एका हातात शहाण्याचा पट्टा, दुसऱ्या हातात त्या माणसाची बाही, अशी वरात निघाली. टोपलीतली मांजर शिव्या घालत होती.

“पायरी आहे… आता डावीकडे… डबकं.”

“डबकं सांगायला अंमळ उशीर झाला,” तो ओल्या बुटाकडे अंदाजानं बघत म्हणाला.

दुकानात मालक जेवायला गेले होते. धाकटीनं त्याला उंच स्टुलावर बसवलं, शहाण्याला काउंटरच्या पायाला बांधलं, आणि छोटी पट्टी घेऊन त्याच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायला पुढे झाली. दिवसभरात कितीतरी लोकांचं ती हे माप घ्यायची. डोळे म्हणजे तिला डोळेच, भाजीवाल्याला वांगी तशी. आज मात्र आकडा दोनदा चुकला.

“माझ्या नाकाकडे बघा.”

“दिसत नाही हो. थोडं जवळ आणा.”

“काय?”

“नाक.”

पट्टी हातातून निसटून खाली पडली. ती उचलायला दोघं एकदम वाकली, आणि कपाळावर कपाळ आपटलं. शहाण्यानं एकदा वर पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

काचा घासून होईपर्यंत तो तिथंच बसून राहिला. घरी जुना चष्मा होता, पण घर शोधायला तरी चष्मा हवा, असं त्याचं म्हणणं. बोलता बोलता कळलं, की तो पाळीव प्राण्यांचा विमा उतरवतो.

“प्राण्यांचाही विमा असतो?” धाकटीनं उगाच विचारलं. खरं तर प्राण्यांचा विमा असतो हे तिला चांगलंच ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात घरमालकीणकाकूंनी जिन्यात उभं राहून बजावलं होतं : कुत्र्यानं कुणाला काही केलं तर मी निस्तरत बसणार नाही. दुसऱ्याला झालेली इजासुद्धा भरून देणारा विमा आण, नाहीतर कुत्रा काढ. महिनाअखेरपर्यंत.

“असतो ना,” तो म्हणाला. “कुत्र्यांच्या तोंडी जाणं हा तर माझा व्यवसायच आहे.”

---

दोन-तीन दिवसांनी विमावाला पुन्हा दुकानात आला. चष्म्याची काडी कानाला टोचते म्हणाला. धाकटीनं बघितलं, काडी अगदी व्यवस्थित होती. तरी तिनं ती गरम करून जराशी वाकवली, आणि पुन्हा होती तशी केली.

“आता?”

“आता झकास,” तो म्हणाला, आणि पिशवीतून माहितीपत्रकं काढून काचांच्या ट्रेंवर पसरली. “मालकीणबाईंची अट सांगितलीत ना त्या दिवशी? शहाण्यासाठी काय घ्यायचं ते ठरवू.”

धाकटीला वाटलं होतं, हा सगळ्यात महागडी योजना गळ्यात मारणार. पण त्यानं तीच आधी बाजूला सारली.

“ही नको. हिच्यात दात घासण्यापासून केस कापण्यापर्यंत सगळं आहे. तुमच्या कुत्र्याच्या केसांकडे बघता पैसे वाया. ही दुसरी, नुसत्या अपघाताची. स्वस्त आहे, पण खोकला झाला तरी खिशातून जाणार. ही तिसरी बघा. आजार आणि अपघात, दोन्ही. फक्त पहिल्या काही आठवड्यांत आजारी पडला तर मिळत नाही, आणि जे दुखणं आधीच आहे त्याचं कधीच मिळत नाही. हे बारीक अक्षरात लिहितात, म्हणून मी मोठ्यानं सांगतो. आणि हिला जोडून दुसऱ्याच्या इजेचं कलम घेता येतं. मालकीणबाईंना तेच हवंय ना?”

“तेच.”

“मग प्रश्नच मिटला. दोन-चार गोष्टी विचारतो, नियम आहे म्हणून. वय?”

“डॉक्टरबाई म्हणतात, पाचच्या आसपास.”

“लसी?”

“सगळ्या झाल्यात.”

“याआधी कधी कुणाला चावलाय?”

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. शहाण्या काउंटरखाली पाय पसरून पडला होता. शहाण्याला जिथून आणलं, त्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या बाईंचे शब्द धाकटीच्या कानात घुमले. सरळ होत्या बिचाऱ्या, काही लपवलं नव्हतं त्यांनी. *चावलाय हा. आधीच्या घरी पाहुणे आले होते, हा घाबरून टेबलाखाली गेला, पाहुण्यानं गळ्याचा पट्टा धरून ओढलं, आणि यानं हात फोडला. म्हणून परत आणून सोडला. आता पुन्हा परत आला, तर याला कुणी नेणार नाही.* ते ऐकूनच धाकटीनं त्याला घेतलं होतं. आणि तेच ऐकून ताई फोनवर कडाडली होती, “चावरं कुत्रं घरात आणतेस? डोकं ठिकाणावर आहे का?”

आता हे खरं सांगितलं की कलम मिळणार नाही. कलम नाही तर घर नाही. आणि हा समोरचा माणूस, नव्या चष्म्यातून एवढा मन लावून बघणारा…

“नाही,” धाकटी म्हणाली. “कधीच नाही.”

“छान.” त्यानं कागदावर खूण केली. “आमच्या मॅडम म्हणतात, गिऱ्हाइकाच्या शब्दाची खातरजमा करत जा. ती मी केली.”

“कशी?”

“डोळ्यांत बघून. तुमच्याच दुकानाचा चष्मा आहे… सगळं स्वच्छ दिसतं.”

तो खेळकरपणे बोलला होता. धाकटीला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

---

त्यानंतर विमावाला दुकानात यायला कारणं शोधून कंटाळला आणि बिनकारणाचा यायला लागला. संध्याकाळी दुकान बंद झालं की दोघं शहाण्याला घेऊन तलावाकाठच्या बागेत जात. ओलं गवत, बाकांवर पडलेली पिवळी फुलं, आणि दोघांच्या मधोमध पट्टा ताणत चाललेला शहाण्या.

“हा नेहमी मधेच का चालतो?” विमावाला तक्रार करायचा.

“राखण करतो.”

“कुणाची? तुमची की माझी?”

“ज्याला गरज आहे त्याची.”

“मग माझीच,” तो म्हणायचा, आणि तिच्याकडे असं बघायचा, की धाकटीला एकाएकी तलावातली बदकं फार महत्त्वाची वाटायला लागायची.

एकदा पाऊस आला म्हणून तिघं झाडाखाली उभी राहिली. शहाण्याच्या मानेवरचं पाणी पुसायला त्यानं हात पुढे केला, बोटं पट्ट्यापर्यंत गेली…

“नको!” धाकटी एवढ्यानं ओरडली, की झाडावरचे पक्षी उडाले.

“काय झालं?”

“त्याला… गळ्याला गुदगुल्या होतात. पट्ट्याला हात लावलेला आवडत नाही त्याला.”

“गुदगुल्या?” तो खळखळून हसला. “म्हणजे लाजरा आहे तर!”

धाकटीनं मान खाली घातली. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. प्रेमात पडल्यावर माणसाची तहानभूक हरपते म्हणतात. तिचीही हरपली, पण प्रेमानं की शरमेनं, ते तिचं तिला कळेना. तो जितका गोड बोलायचा, तितकी ती आतून आक्रसायची. तिला वाटायचं, याला आवडते ती मुलगी खरं बोलणारी आहे. ती मी नव्हेच.

किती वेळा तिनं मनाशी ठरवलं, आज सांगायचंच. “तुम्हाला एक सांगायचंय…” अशी सुरुवातही व्हायची.

“सांगा ना,” तो थांबून म्हणायचा. डोळ्यांत एवढी आशा, की तो भलत्याच शब्दांची वाट बघतोय हे आंधळ्यालाही कळावं.

“…उद्या दुकान लवकर बंद आहे.”

“बरं,” तो म्हणायचा. “हेही महत्त्वाचंच.”

---

विम्याचा कागद पोस्टानं येऊ शकला असता. विमावाला तो हातात घेऊन स्वतः आला. रविवारची दुपार होती. तो पहिल्यांदाच तिच्या खोलीवर येत होता, म्हणून धाकटीनं सकाळपासून खोली तीनदा आवरली होती आणि मालकीणकाकूंना सांगून ठेवलं होतं, की विम्याचे लोक येणार आहेत. “लोक?” काकू म्हणाल्या होत्या. “मला तर एकच दिसतो रोज फाटकाशी घोटाळताना.”

चहा झाला. कागद टेबलावर ठेवला गेला. त्यावर शहाण्याचं नाव छापील अक्षरांत होतं, आणि ते बघून दोघांना हसू फुटलं. विमावाल्याचा हात टेबलावरून सरकत तिच्या हाताजवळ आला आणि बोटभर अंतरावर थांबला.

“आज माझं काम संपलं,” तो म्हणाला. “आता यायला मला कारण उरलं नाही. तेव्हा म्हटलं, एखादं नवीन कारण… तुमची हरकत नसेल तर…”

आणि तेवढ्यात खाली काकूंच्या हातून पाण्यानं भरलेली लोखंडी बादली जिन्यावरून गडगडत गेली.

त्या आवाजानं शहाण्या विजेसारखा पलंगाखाली घुसला. थरथर कापत, भिंतीला चिकटून.

“अरे, अरे! घाबरला बिचारा.” विमावाला गुडघ्यांवर बसला. “ये बाहेर, लाजऱ्या…” आणि त्यानं पलंगाखाली हात घालून पट्टा धरला.

“अहो, नको…”

तिचं वाक्य पुरं झालं नाही. एक गुरगुर, एक झटका. हात बाहेर आला तेव्हा तळव्यातून रक्त ठिबकत होतं. शहाण्या आतून केविलवाणा कुंथला. आपण काय करून बसलो हे त्यालाही कळलं असावं.

जिन्यावर काकूंची चाहूल लागली. “काय गं, कसला आवाज?”

आणि त्या माणसानं, ज्याला आयुष्यात बारीक अक्षरसुद्धा मोठ्यानं वाचायची सवय, टेबलावरचा ग्लास उचलून जमिनीवर आपटला.

“काही नाही काकू,” हातरुमाल हाताला गुंडाळत तो म्हणाला. “ग्लास फुटला. काच लागली. मीच धांदरट.”

काकूंनी दारातून काचा बघितल्या, रुमाल बघितला, पलंगाकडेही एक नजर टाकली. “जपा हो,” एवढंच म्हणून त्या उतरल्या.

सांगायचं तर तेव्हा सांगायला हवं होतं. पण धाकटी फक्त काचा गोळा करत राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम साबणाच्या पाण्यानं धुतली आणि विचारलं, “कुत्रा ओळखीचा की भटका?”

“भटका,” विमावाला म्हणाला. ओळखीचा म्हटलं असतं तर मालकाचं नाव लिहून घेतलं असतं, चौकशी झाली असती. “चावला आणि पळून गेला.”

“मग सगळीच इंजेक्शनं घ्यावी लागतील. जखमेतसुद्धा. ती फार दुखतात.”

“घेऊ की.”

धाकटी पडद्याशी उभी होती. सुई तळव्यात गेली तेव्हा तो ओरडला नाही. फक्त त्याची टाच फरशीवर घासत राहिली, पुढे-मागे, पुढे-मागे. त्या आवाजानं तिच्या अंगावर शहारे आले. एवढं दुखणं हा माणूस आपल्यासाठी सोसतोय, आणि तेही खोट्याच्या भरवशावर.

बाहेरच्या बाकावर तो पांढराफटक पडून बसला. तरी हसला. “असं रडवेलं तोंड करू नका. पहिलीच वेळ आहे त्याची. एका चुकीसाठी कुणाचं घर का सुटावं?”

“पहिली नाही,” धाकटी म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक होता, की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

“पहिली वेळ नाही ही. आधीही चावलाय. असाच, पट्टा ओढल्यावर. मला माहीत होतं.”

समोरून एक नर्स ट्रे घेऊन गेली. तो तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला.

“मी दुकानात विचारलं… तेव्हाही माहीत होतं?”

“हो.”

“आणि गुदगुल्या?”

“त्याही खोट्या.”

त्यानं चष्मा काढला, डाव्या हातानं डोळे चोळले. “मला तेवढं सांगितलं असतंत, तर मी हात घातला नसता. एवढंच,” तो म्हणाला. मग उठला. “हातासाठी रागावलो असं समजू नका. हात बरा होईल.”

तो वळूनही न बघता निघून गेला. धाकटीला वाटलं, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तेवढ्या तरी सोबत घेऊन घरी गेले असते.

ती बराच वेळ बाकावर बसून राहिली. मग पदर खोचल्यासारखी उठली आणि पुन्हा डॉक्टरांच्या खोलीत गेली. “मघाचा कुत्रा भटका नाही. माझा आहे. लसी झाल्यात, ही चिठ्ठी. त्यांना काही बोलू नका, ते माझ्यासाठी खोटं बोलले.” डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, मालकाच्या रकान्यात तिचं नाव लिहून घेतलं, आणि म्हणाले, मग कुत्र्यावर लक्ष ठेवा, तो ठणठणीत राहिला तर पुढची काही इंजेक्शनं वाचतील. तेवढं तरी तिला त्याच्यासाठी करता आलं.

---

दुसऱ्या दिवशी ती विम्याच्या कचेरीत गेली. सकाळची गर्दीची वेळ. एका मोठ्या खोलीत ओळीनं टेबलं, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी तो, हाताला पट्टी बांधून. त्यानं वर बघितलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. धाकटी थेट मॅडमच्या टेबलाशी गेली.

“माझ्या कुत्र्याचा विमा रद्द करा,” ती म्हणाली. “मी खोटं सांगितलं होतं. तो आधी चावलाय.”

आसपासची बोटं टाइप करायची थांबली. मॅडम पिकल्या केसांच्या, तुटक बोलणाऱ्या. “कधी कळलं तुम्हाला?”

“घ्यायच्या आधीपासून माहीत होतं.”

“आमच्या माणसाला सांगितलं होतं?”

“नाही. त्यांनी विचारलं, मी फसवलं. त्यांचा काही दोष नाही.”

कोपऱ्यात खुर्ची सरकली. “थोडा आहे,” विमावाला उभा राहून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “काल तो मला चावला. मी सकाळी तुम्हाला सांगितलं, दारात हात सापडला म्हणून.”

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. “वा. म्हणजे दारही निर्दोष.”

कुणीतरी हसू दाबलं. धाकटीला वाटलं, आता आपण इथंच विरघळून जाणार. पण विरघळली नाही. मॅडमनी विमा रद्द केला, आणि विमावाल्याला बाहेरच्या कामावरून काढून फोनवर बसवलं. मग धाकटीला जवळ बोलावून आवाज न चढवता म्हणाल्या, “चावरा कुत्रा आहे म्हणून दार बंद होत नाही, बाई. हप्ता जास्त पडतो, बाहेर नेताना तोंडाला जाळी लावावी लागते, आणि शिकवणाऱ्याकडून दाखला आणावा लागतो. आधी विचारलं असतंत तर हेच सांगितलं असतं.”

म्हणजे ते सगळं खोटं फुकटच गेलं होतं! जिना उतरताना धाकटीला रडावं की कपाळ बडवून घ्यावं, ते कळेना.

मालकीणकाकूंना सांगायला गेली, तर त्या भांडी विसळता विसळता म्हणाल्या, “काचेनं कापलं तर दातांच्या खुणा कशा उमटतात गं? रुमालातून रक्त चार ठिकाणी आलं होतं. तू कधी सांगतेस तेच बघत होते.” धाकटीला हायसं वाटतंय न वाटतंय तोच पुढचं वाक्य आलं. “विमा होईपर्यंत कुत्रा माझ्या पायरीवर नको. झाला की आण.”

राहता राहिली ताई. तिच्यापुढे जाणं सगळ्यात कठीण. धाकटी कुत्रा घेऊन दारात उभी राहिली आणि विमा होईपर्यंत याला ठेवून घे म्हणत एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. ताईनं कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

“मी तुला म्हटलं होतं की नव्हतं?”

“म्हटलं होतंस.”

“अक्कल गहाण ठेवली होतीस.”

“ठेवली होती.”

ताईला भांडायला काही उरलं नाही. तिनं शहाण्याकडे बघितलं, त्यानं तिच्याकडे. “बघतोय कसा, जसा काही हिशेब तपासायला आलाय,” ती पुटपुटली, आणि दार उघडून आत सरली. संध्याकाळी धाकटी डोकावली तेव्हा ताई वाकून त्याच्याशी अगदी लहान मुलासारखं बोलत होती.

---

गावाबाहेरच्या मैदानात एक मास्तर कुत्र्यांना शिकवायचे. खरं तर ते माणसांनाच जास्त शिकवायचे. “ओढायचं नाही,” ते धाकटीवर डाफरायचे. “घाबरलेल्याला ओढलं की तो चावणारच. बसायचं, बोलवायचं, आणि यायचं की नाही ते त्याला ठरवू द्यायचं.” रोज दुकान सुटल्यावर धाकटी तिथं जायची. शहाण्या हळूहळू शिकत होता. विमावाल्याची काही खबर नव्हती. त्याच्याकडे जाऊन क्षमा मागायचं तिच्या मनात रोज यायचं. पण क्षमा मागायची म्हणजे पुन्हा त्याच्याकडून काहीतरी मागायचंच, असं वाटून ती थांबायची.

पुढे मास्तरांनी दाखला दिला, विमाही झाला, आणि काकूंच्या पायरीवर शहाण्या हक्कानं झोपायला लागला. पण हे सगळं व्हायच्या आधी असा एक दिवस आला. ढग उतरून आलेले, वाऱ्याला ओल्या मातीचा गारवा. धाकटीनं सहज कुंपणाकडे बघितलं.

विमावाला उभा होता. हातावर पट्टी नव्हती.

“मी जाब विचारायला नाही आलो,” तो लांबूनच म्हणाला.

“विचारला तरी चालेल.”

“नको. मला थोडं बोलायचंय.” तो फाटक उघडून आत आला. “मी हल्ली दिवसभर फोनवर लोकांना विचारतो, कुत्रा चावतो का? सगळे म्हणतात, छे हो, अगदी गरीब गाय आहे. मागून भुंकण्याचा आवाज येत असतो! कचेरीत येऊन, चारचौघांत, न विचारता खरं सांगणारं माणूस आजवर एकच आलं.”

“चावल्यानंतर आलं,” धाकटी म्हणाली. “त्याचं कौतुक करू नका. मला अजूनही तुमच्या हाताकडे बघवत नाही.”

“मलाही माझ्याकडे बघवत नव्हतं.” तो चष्मा पुसायला लागला, स्वच्छच होता. “तुम्हाला ते ‘नाही’ म्हणताना किती जड गेलं, ते आता आठवून कळतं. मला तर क्षणही लागला नाही. सरळ ग्लास आपटला! मग कुठल्या तोंडानं रागवायचं तुमच्यावर? आणि… रागावून बघितलं, जमत नाही. संध्याकाळ झाली की पाय बागेकडे जातात. बदकं ओळखायला लागली आता.”

हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. धाकटीनं ओढणीनं नाक पुसलं.

“तुम्हाला एक सांगायचंय,” ती म्हणाली.

“दुकान लवकर बंद आहे?”

“नाही. तुम्ही मला आवडता. पहिल्यापासून. आणि म्हणूनच खरं सांगायची जास्त भीती वाटली. हे कारण नाही, सबब तर नाहीच नाही. नुसतं खरं आहे.”

थेंब पडायला लागले होते. विमावाल्यानं तो बरा झालेला हात पुढे केला, तळवा वर. मधोमध चार गुलाबी ठिपके. धाकटीनं त्यावर हळूच बोट ठेवलं. इतके दिवस तिला लाज वाटत होती. आज पहिल्यांदाच ती नुसती लाजली.

“दुखतं?”

“नाही गं,” तो म्हणाला. आणि त्या ‘गं’नं दोघंही दचकली.

थोड्या अंतरावर शहाण्या पाठ करून गवत हुंगत होता. विमावाल्याला बघून तो मागे सरला होता, शेपूट पोटाशी घेऊन. त्यालाही काहीतरी आठवत असावं.

“त्याला बोलावू?” विमावाल्यानं विचारलं.

“बोलवायचं. ओढायचं नाही. यायचं तेव्हा येईल.”

विमावाला ओल्या गवतात तसाच मांडी घालून बसला. पँटचा सत्यानाश झाला. “शहाण्या,” त्यानं हळूच हाक मारली. शहाण्यानं एक कान हलवला, आणि दुसरं गवत हुंगायला लागला.

“आजच्या आज नाहीच आला तर?”

धाकटी त्याच्या शेजारी बसली. खांद्याला खांदा लागला, आणि या खेपेला मधे कुणी नव्हतं.

“तर उद्या परत बसू,” ती म्हणाली.